मंदाकिनीने नोंदवलेली चूक

गुलटेकडीच्या आमच्या सोसायटीत माझ्या समोरच्या दारावर 'मंदाकिनी रणपिसे, संपत रणपिसे' अशी पाटी आहे. बायकोचे नाव आधी असलेली पाटी इमारतीत ती एकच. संपतरावांनीच ती तशी करून घेतली होती. कोणी विचारले तर सांगत, "मी स्वारगेटला एसटी लागल्याची घोषणा करणारा माणूस. जी गाडी आधी सुटते तिचं नाव आधी घ्यायचं."

मंदाकिनी हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होती. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम नीट चालतो की नाही हे तपासायचे आणि चूक सापडली की ती रीतसर नोंदवायची, हे तिचे काम. वडील खडकीच्या कारखान्यात कामगार होते. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून त्या घरात शिक्षण सोडून दुसऱ्या कशाचा हट्ट झाला नाही. ती एम.एस्सी. झाली आणि सन दोन हजार जवळ येत होते त्या धामधुमीत नोकरीला लागली. वर्षाचे शेवटचे दोनच आकडे साठवणारे जुने प्रोग्रॅम तेव्हा तपासून हवे होते आणि तपासायला माणसे कमी पडत होती.

तिथेच तिचे नाव झाले. एका बँकेचा व्याज काढणारा प्रोग्रॅम सगळ्यांनी तपासून पास केला होता, कारण शेवटचे उत्तर बरोबर येत होते. मंदाकिनीने मधल्या प्रत्येक पायरीवर काय आकडा येतो ते छापून पाहिले. एका पायरीवर व्याज जास्त धरले जात होते आणि पुढच्या पायरीवर तेवढेच कमी. दोन चुका एकमेकींना खोडत होत्या म्हणून उत्तर बरोबर येत होते. तारीख बदलली असती तर एक चूक राहिली असती आणि दुसरी गेली असती. साहेबांनी सगळ्यांसमोर तिला उभे करून टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून तिने एकच नियम पाळला. प्रत्येक पायरीनंतर बघायचे.

घरातही तसेच. संपतरावांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झाले, तेव्हा त्यांचे वजन, रक्तदाब, प्यायलेले पाणी, सगळे ती स्वतः बघे. ते म्हणत, "मला ताप आला की हिला आधी कळतं. मला नंतर कळवण्यात येतं."

डायलिसिसचा खर्च मंदाकिनीच्या कंपनीच्या विम्यातून होत होता. हे पुढच्या सगळ्यासाठी लक्षात ठेवायला हवे. संपतराव आजारपणामुळे वेळेआधी निवृत्त झालेले, आणि अशा आजाराच्या माणसाला नव्याने विमा कोणी देत नाही. तिची नोकरी होती तोवर त्यांचे रक्त आठवड्यातून तीनदा स्वच्छ होत होते.

करोनानंतर दोन-तीन वर्षांनी कंपनीत टेस्टरची कामे कमी होऊ लागली. तपासणीचे काम आता यंत्रेच करू लागली, असे तिने सांगितले. ती 'बेंच'वर गेली, म्हणजे पगार चालू पण हाताला काम नाही. बेंचवर फार दिवस कोणी ठेवत नाही. मग एक दिवस बेंचवरच्या सगळ्यांना कळवण्यात आले की कंपनी क्वांटम कॉम्प्युटिंगचा एक विभाग काढते आहे. ज्यांना हवे त्यांनी शिकावे, शेवटी परीक्षा होईल, मुलाखत होईल, त्यातून माणसे निवडली जातील. बाकीच्यांचे काय, ते लिहिलेले नव्हते. लिहायची गरज नव्हती.

त्या रविवारी तिने माझी बेल वाजवली.

"काकू, तुम्हाला कॉम्प्युटरमधलं काही कळतं का?"

"काही नाही."

"आणि गणितातलं?"

"अपूर्णांकांपर्यंत."

"मग तुम्हीच हव्यात. आमची शिकवणारी मुलगी सांगते, जे शिकलात ते अगदी काही माहीत नसलेल्या माणसाला समजावून सांगा. त्याला कळलं तर तुम्हाला कळलं."

आतून संपतरावांचा आवाज आला, "काकू, मला तिने आधी विचारलं होतं. मी नापास झालो."

अशा रीतीने उतारवयात मी क्वांटम शिकायला बसले. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी ती माझ्या जेवणाच्या टेबलापाशी येई. मी चहा करी, आणि तिच्या इंग्रजी धड्यातले लांबलचक वाक्य अडले तर ते सोडवून देई. ती मराठी शाळेतली, मी कॉन्व्हेंटमधली, तेवढाच माझा उपयोग. बाकी मी विद्यार्थिनीच.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, "आपल्या साध्या कॉम्प्युटरमधला बिट एकतर शून्य असतो, नाहीतर एक. क्वांटम कॉम्प्युटरमधल्या क्युबिटमध्ये दोन्हींचा थोडाथोडा वाटा असतो. बघितलं की मात्र एकच काहीतरी दिसतं."

"म्हणजे फिरतं नाणं."

"सगळे तेच सांगतात. मला ते पटत नाही काकू. नाणं दोनदा उडवलं तर छाप की काटा, ते दोन्ही वेळा दैवावर. इथे क्युबिटची अवस्था बदलणारं एक गेट असतं, त्याला एच म्हणतात. शून्याला त्या गेटातून काढलं की निम्मा शून्य, निम्मा एक. ठीक, हे नाण्यासारखं झालं. आता त्यालाच परत त्याच गेटातून काढलं, तर शून्य येतो. दरवेळी शून्य. एकदाही एक येत नाही. दोनदा उडवलेलं नाणं असं वागेल का?"

मी म्हटले, नाही वागणार.

"मग?"

"मला काय विचारतेस? शिकवणारी तू."

ती हसली नाही. ते तिला स्वतःलाच पटत नव्हते. पुस्तकात लिहिले होते, परीक्षेत येणार होते, पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती मानणार नव्हती. कंपनीने शिकणाऱ्यांना एक सिम्युलेटर दिला होता, म्हणजे साध्याच कॉम्प्युटरवर क्वांटम यंत्राची नक्कल. तिने त्यावर दोन एच गेट एकापुढे एक ठेवली. आणि चोवीस-पंचवीस वर्षांच्या सवयीने, पहिल्या गेटानंतर काय होते ते बघायला मध्ये एक मोजणी टाकली. मग ते हजारदा चालवले.

दरवेळी शून्य यायला हवे होते. निम्म्या वेळा एक आला.

दुसरा कोणी असता तर पुस्तक उघडून बसला असता, किंवा शिकवणारीला जाऊन विचारले असते. मंदाकिनीने टेस्टरने करायचे ते केले. कंपनीच्या यंत्रणेत चूक नोंदवली. कोणत्या पायऱ्यांनी चूक पुन्हा पाहता येते, काय अपेक्षित होते, काय आले, सगळे शिस्तीत. गंभीरतेच्या रकान्यात 'उच्च' लिहिले. ती नोंद सिम्युलेटर बनवणाऱ्यांना गेली, शिकवणाऱ्या चैतालीला गेली आणि नियमाप्रमाणे वर्गातल्या सगळ्यांना गेली.

चैतालीचे उत्तर आले. सव्वीस-सत्तावीसची मुलगी, मनाने वाईट नव्हती. तिने लिहिले, "मॅम, सिम्युलेटर बरोबर आहे. तुम्ही मध्येच बघितलंत." खाली कोणीतरी हसणारी तोंडे टाकली. मग दुसऱ्याने. संध्याकाळपर्यंत त्या नोंदीचा फोटो कंपनीच्या दुसऱ्या इमारतीतही पोचला होता. रणपिसे मॅडमनी विश्वाच्या विरुद्ध बग टाकला, म्हणजे चूक नोंदवली, असा त्याला मथळा.

गुरुवारी ती आली ती चहाला नको म्हणाली. मागोमाग काठी टेकत संपतराव आले आणि दारातच खुर्चीवर बसले.

"जन्मभर माणसांच्या चुका काढल्या," ते म्हणाले, "आता निसर्गाची काढली. पदोन्नती म्हणतात याला."

"अहो, गप्प बसा."

"बसलोच आहे."

तिने कागद ओढला. "काकू, मला हे आजच समजायला हवं. बघा. शून्यापासून निघून शेवटी 'एक' वर पोचायच्या दोन वाटा आहेत. मधल्या टप्प्यावर शून्य असेल ती एक वाट, मधल्या टप्प्यावर एक असेल ती दुसरी. पहिल्या वाटेचा वाटा अधिक अर्धा. दुसरीचा उणे अर्धा. बेरीज?"

"शून्य."

"म्हणून 'एक' कधीच येत नाही. दोन वाटा एकमेकींना खोडतात. पण मध्ये बघितलं, की तो कोणत्या वाटेने चालला आहे ते ठरून जातं. मग एकच वाट उरते. खोडायला दुसरी नाहीच."

शाळेत आमच्या सिस्टरांनी पाण्याच्या ताटात दोन पेन्सिलींची टोके एकदम आपटून लाटा दाखवल्या होत्या, ते मी तिला सांगितले. सगळीकडे लाटा असतात, पण काही रेघांवर पाणी अगदी स्थिर राहते, कारण तिथे एकीचा चढ आणि दुसरीचा उतार एकदम पोचतात. एक पेन्सिल उचलली की ती स्थिर रेघही जाते.

तिने त्या दोन वाटांखाली एक रेघ ओढली. मग म्हणाली, "माझ्या धंद्यात दोन चुका एकमेकींना खोडतात ते सगळ्यांत मोठं पाप. त्यावरच मी नाव कमावलं. आणि इथे सगळं काम त्या खोडण्यावरच चालतं. चुकीची उत्तरं खोडली जातील अशी मांडणी करायची, मग बरोबर तेवढं उरतं. आणि मध्ये बघायचं नाही."

"न बघता विश्वास ठेवायचा," मी म्हटले.

"विश्वास नाही काकू. हिशेब. आधी कागदावर करायचा, आणि मग हात मागे घ्यायचा. मला तेच येत नाही, हात मागे घेणं."

ते तिने शिकून घेतले. त्याला काही आठवडे लागले, आणि ते बघणे सोपे नव्हते. गेटांची ओळ मांडताना तिचा उजवा हात आपोआप मोजणीच्या चिन्हाकडे जाई आणि ती तो डाव्या हाताने धरून खाली आणी. पुढे दोन क्युबिट एकमेकांत गुंतवण्याचा धडा आला. दोघांपैकी एकाचे उत्तर बघितले की दुसऱ्याचे तेच निघते, मग दोघे कितीही लांब असोत. हे तिला पहिल्याच दिवशी समजले. संपतराव म्हणाले, "यात शिकायचं काय? माझी साखर बघितली की तुझा रक्तदाब कळतो." त्या दिवशी ती हसली.

परीक्षा चांगली गेली. घरी आल्यावर तिने प्रश्न मला तोंडी सांगितले आणि मी उत्तरे विचारली. मला कळतील तेवढी बरोबर होती. बेंचवरच्या निम्म्या लोकांनी परीक्षा दिलीच नव्हती. ते दुसरीकडे अर्ज करत हिंडत होते. मंदाकिनी पन्नाशीला आली होती. तिच्या अर्जाला दुसरीकडून साधी पोचसुद्धा आली नव्हती.

मुलाखत पडद्यावर झाली. बंगळूरहून साहेब बोलणार होते. इंग्रजीत पहिली काही वाक्ये कशी बोलायची त्याची आम्ही तयारी केली होती. ती वाक्ये बोलायची वेळच आली नाही. साहेबांनी तिचे नाव वाचले आणि हसत विचारले, तो बग टाकणाऱ्या तुम्हीच का?

तिने हो म्हटले. आपण काय चुकलो आणि का चुकलो, हे सरळ सांगितले. दोन वाटा, अधिक, उणे, सगळे. साहेब म्हणाले, छान. मग दुसरे काही विचारले नाही.

यादीत तिचे नाव नव्हते. चैतालीने तिला जिन्यात गाठून सांगितले, "मॅम, तुमचा पेपर पहिल्या तिघांत होता. मी ते बोलले मीटिंगमध्ये. पण सर म्हणाले, या वयात मेंटॅलिटी बदलत नाही. आणि कोणीतरी परत तो फोटो काढला. सगळे हसले, आणि पुढचं नाव घेतलं."

"तू हसलीस?"

"थोडीशी," चैताली म्हणाली. मंदाकिनीने मला हे सांगितले तेव्हा चैतालीबद्दल तिला राग नव्हता. खरे बोलली एवढेच तिने धरून ठेवले.

त्यानंतर तिला निकिता नावाच्या अधिकारी मुलीने बोलावून घेतले. राजीनामा छापून तयार होता. मंदाकिनीने तो संवाद मला शब्दशः सांगितला, तसाच लिहिते.

"मॅम, तुम्ही स्वतःहून राजीनामा दिलात तर तुमचं रेकॉर्ड क्लीन राहील."

"रेकॉर्ड राहू दे. विमा कधीपर्यंत?"

"शेवटच्या दिवसापर्यंत."

"शेवटचा दिवस कोणता?"

"तुम्ही सही कराल तो."

"मग मी सही करत नाही."

संपतरावांना हे फार आवडले. "बरोबर आहे. गाडी बंद पडली की शहाणा प्रवासी खाली उतरत नाही. उतरला की दुसऱ्या गाडीची जबाबदारी कोणाची? जागा धरून बसायचं."

ती बसली. रोज सकाळी डबा घेऊन हडपसरची बस पकडायची. तिचे कार्ड दारावर चालेनासे झाले होते, म्हणून रखवालदार तिला पाहुण्यांचा पास देई. ती स्वागतकक्षातल्या सोफ्यावर बसे. तिच्यासमोरून जुने सहकारी जात. काही थांबून विचारपूस करत, काही फोनमध्ये बघत. दुपारी ती तिथेच डबा खाई. एकदा कोणीतरी तिला सांगितले की गिऱ्हाइके येतात, इथे डबा खाऊ नका. ती बाहेर पायरीवर जाऊन जेवली आणि परत येऊन बसली. काढून टाकायचे तर त्यांना कारण लिहावे लागणार होते, आणि लिहिलेल्या कारणावर ती कामगार आयुक्तांकडे जाईल अशी त्यांना धास्ती होती. ती धास्ती एवढेच तिचे भांडवल.

मी एकदा तिला विचारले, असे किती दिवस?

"दर दिवशी एक दिवस, काकू. आठवड्यात तीन डायलिसिस होतात ना, ती होताहेत."

शेवटी त्यांनी तोड काढली. विम्याची मुदत मार्चअखेरपर्यंत होती. ती सही करेल तर तोवर विमा चालू ठेवू. तिने ते लेखी मागितले, वाचले, मला वाचायला दिले, आणि सही केली. इतक्या वर्षांच्या नोकरीचे शेवटी काय झाले असे कोणी विचारले तर हेच सांगावे लागेल की एका हिवाळ्याचे डायलिसिस मिळाले.

एप्रिलपासून संपतराव एका ट्रस्टच्या केंद्रात जाऊ लागले. तिथे खर्च जवळजवळ नाही, पण खुर्च्या मोजक्या आणि रोगी पुष्कळ. नव्या माणसाला आठवड्यातून दोनच वेळा मिळत, सोमवार आणि बुधवार. मंदाकिनीने तिथल्या डॉक्टरांना विचारले, दोनदा चालेल का? ते म्हणाले, "चालवायचं." तिने पुढे विचारले नाही.

तिला किराणा घरपोच देणाऱ्या एका लहान कंपनीचे तपासणीचे काम घरून मिळाले होते. पगार पूर्वीच्या मानाने नावापुरता, विमा नाही. मंगळवार आणि गुरुवारचे आमचे बसणे बंद झाले. पुस्तकाचे काही धडे राहिले होते. मी एकदा म्हटले, पुढचा धडा वाचू या का? ती म्हणाली, "आता कोणाला दाखवायचं?"

दोनदाने भागत नव्हते. रविवारपर्यंत संपतरावांचे तोंड सुजलेले असे, आडवे पडले की धाप लागे, म्हणून ते बसल्या बसल्या झोपत. बोलणे मात्र तसेच होते. केंद्रात त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर कासिमभाई म्हणून नाना पेठेतले एक गृहस्थ असत, कुलूप-किल्ल्यांचे दुकान होते त्यांचे. ते जुने रोगी, म्हणून त्यांना सोमवार, बुधवार आणि वर शुक्रवारही होता. दोघांची चांगली गट्टी जमली होती. कासिमभाई म्हणायचे, "जुम्म्याचा दिवस मशिनीत जातो, अल्लाला काय सांगू?" संपतराव म्हणायचे, "सांगा गाडी लेट आहे. आणि कंटाळलात तर शुक्रवार मला द्या." कासिमभाई म्हणायचे, "घ्या ना. कागद करून देतो."

जुलैत एका मंगळवारी दुपारी केंद्रातून फोन आला. मंदाकिनी माझ्याच घरी होती, गॅसची नळी बदलून देत होती. तिने फोन कानाला लावला, ऐकले, आणि म्हणाली, "हो. येतो. हो, शुक्रवारी."

फोन ठेवून ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"शुक्रवारची एक जागा रिकामी झाली म्हणे. आपला नंबर लागला."

तिथल्या जागा कशा रिकाम्या होतात हे आम्हा दोघींना माहीत होते. पूर्ण बरे होऊन तिथून कोणी जात नाही.

"मी विचारलं नाही, कोणाची," ती म्हणाली.

"बरं केलंस."

"बरं नाही केलं. विचारलं असतं तर लगेच हो म्हणता आलं नसतं. आणि त्यांनी पुढच्या नंबरला फोन केला असता."

बुधवारी ती दोघे नेहमीप्रमाणे गेली. शेजारची खुर्ची रिकामी होती. संपतरावांनी परिचारिकेला काही विचारले नाही आणि परिचारिकेनेही सांगितले नाही, असे मंदाकिनी म्हणाली.

शुक्रवारी रिक्षा आली तेव्हा मी खाली सोडायला गेले होते. संपतरावांनी धुतलेला सदरा घातला होता. मंदाकिनी त्यांना धरून आत बसवत होती.

"उद्या मी कासिमभाईंच्या घरी जाऊन येईन," ती म्हणाली.

"आजच जाऊ," संपतराव म्हणाले. "तिथून परतताना. आज अंगात थोडी ताकद असेल."